घरात एकही वाद्य नाही? मग मुलांना गोष्टीतून ऐकवा ढोलकी, संबळ आणि तुणतुणं

तीन-चार वर्षांच्या मुलाला संगीताची गोडी लावायची म्हटलं की अनेकांना आधी खर्च आठवतो. क्लास लावायचा की खेळण्यातला पियानो आणायचा? खरं तर सुरुवात चित्रांच्या एका पुस्तकाने आणि घरातल्या मोठ्यांच्या आवाजानेही होते. गाता आलंच पाहिजे असं नाही.

वाचनाचा संगीताशी काय संबंध?

गोष्ट मोठ्याने वाचताना आवाज चढतो, उतरतो, मध्येच थांबतो. सूर, लय आणि विराम मुलांना इथेच भेटतात. 'ढोल, बोल, गोल' असे यमकाचे शब्द ऐकून मुलांना शब्दांतले आवाज वेगळे ओळखता येऊ लागतात. पुढे अक्षरं शिकताना हीच सवय कामी येते.

नुसतं वाचून दाखवणं पुरेसं आहे का?

वाचता वाचता बोलणं जास्त महत्त्वाचं. अमेरिकेत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये दोन-अडीच वर्षांच्या मुलांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे. काही पालकांना वाचताना मोकळे प्रश्न विचारायला आणि मुलाच्या उत्तरात भर घालायला शिकवलं होतं. महिनाभरात त्यांची मुलं भाषेच्या चाचण्यांत इतरांच्या पुढे गेली. म्हणून 'हे काय आहे?' एवढ्यावर थांबू नका. 'हे वाजलं तर कसं ऐकू येईल?' असं विचारा.

कोणती वाद्यं निवडायची?

आधी आपल्या आसपासची. शिरूर तालुक्यातलं कवठे येमाई घ्या. तमाशासाठी वग आणि लावण्या लिहिणारे, राज्य सरकारचा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार मिळालेले शाहीर बशीर मोमीन कवठेकर याच गावचे. अशा गावातल्या मुलाला पुस्तकातून गिटार कळली आणि ढोलकी अनोळखी राहिली, तर आपल्याच घरातली एक ओळख निसटते.

ही वाद्यं लहान मुलांना सहज समजतात:

• ढोलकी: दोन तोंडं. एकाचा आवाज जाड, दुसऱ्याचा बारीक.
• तुणतुणं: एकच तार. नाव उच्चारलं की आवाजही कळतो.
• हलगी: चपटी, गोल. काठ्यांनी वाजते, लांबपर्यंत ऐकू जाते.
• संबळ: शेजारी-शेजारी बांधलेली दोन वाद्यं. देवीच्या गोंधळात हमखास दिसतात.

घरी कसं कराल?

१. गोष्टीतल्या प्रत्येक वाद्याला एक आवाज ठरवा. ते नाव आलं की तो आवाज मुलाने काढायचा.
२. तीच गोष्ट एकदा हळू, एकदा भरभर वाचा. लय बदलली की मुलं लगेच ओळखतात.
३. वाचून झालं की डबा, ताट, चमचा द्या. रिकाम्या डब्यावर रबर ताणून छेडलं की तुणतुण्याची कल्पना येते. रबर जास्त ताणलं की आवाज बारीक होतो, हे मुलाला स्वतः शोधू द्या. रबर, डाळीचे दाणे तोंडात जाणार नाहीत याकडे मात्र लक्ष ठेवा.
४. पुढच्या जत्रेत तेच वाद्य जवळून दाखवा. आवाज फार मोठा असेल तर थोडं लांब उभे राहा.

पुस्तक नसेल तर?

प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर मराठी चित्रपुस्तकं मोफत वाचता येतात. तेही जमलं नाही, तर आजी-आजोबांना विचारा, त्यांच्या लहानपणी गावात काय वाजायचं. त्या उत्तरातच मुलासाठी एक गोष्ट असते.