पीक न घेण्याबद्दल पैसा : अमेरिकन सरकारचें शेतकी धोरण

उभें पीक शेतकऱ्यानें नांगरून टाकावें आणि त्याबद्दल सरकारनें त्यास पैसे द्यावेत, हें ऐकून शेतकरी बंधूंस नवल वाटेल. परंतु १९३३ सालच्या उन्हाळ्यांत अमेरिकेच्या दक्षिण भागांत असेंच घडलें. सुमारें एक कोटी एकर कापूस नांगराखालीं गेला. रोख मोबदला घेणारांस उत्पन्नाच्या मानानें एकरीं ७ ते २० डॉलर मिळाले. पिकाच्या ओळीवर पाय न देण्याची संवय लागलेलीं खेंचरें त्या ओळींवर चालेनात, असें सांगतात.

हा प्रसंग येण्याचें कारण असें. १९२९ सालीं स्थापन झालेल्या सरकारी शेतकी मंडळानें भाव टिकविण्याकरितां गहूं व कापूस खरेदी केला. पण पेऱ्यास कांहींच आळा नव्हता. कोठारें भरत गेलीं व भाव घसरतच राहिले. १९३२ सालीं कापूस पौंडास सहा सेंटांच्या आसपास आला. तेव्हां १२ मे १९३३ च्या कायद्यानें रूझवेल्ट सरकारनें निराळा मार्ग धरला : जो पेरा कमी करील त्यास पैसे द्यावे, व ते गिरणीवाल्यांवर कर बसवून उभे करावे. १९०९ ते १९१४ या काळांत शेतमाल विकून शेतकऱ्यास जितका इतर माल घेतां येत असे, तितका पुन्हां घेतां यावा, हें त्याचें माप होतें.

मात्र करार होई तो जमीनमालकाशीं. अर्धेलीनें जमीन कसणाऱ्या कुळांस वांटा देण्याचा नियम होता, तरी पैसा बहुधा मालकाच्या हातून जाई. शिवाय पेरा घटल्यावर कुळांची गरजही घटली. कित्येक कुटुंबें जमिनीवरून उठलीं. १९३४ सालीं आर्कान्सा संस्थानांत गोऱ्या व काळ्या कुळांनीं मिळून आपला संघ काढला. आमच्या मतें या योजनेंतील सर्वांत मोठा दोष हाच; आपण जमीनधारक असल्यामुळें तो चटकन् दिसत नाहीं, इतकेंच.

६ जानेवारी १९३६ रोजीं सुप्रीम कोर्टानें तो कर रद्द ठरविला. सरकारनें लागलीच जमिनीची धूप थांबविणारीं पिकें लावणारांस पैसे देण्याचा कायदा केला. नांव नवें, काम बहुतेक जुनेंच. पुढें १९३८ च्या कायद्यानें गव्हाच्या पेऱ्यास सक्तीची मर्यादा घालतां येऊं लागली. ओहायोंतील फिलबर्न नांवाच्या शेतकऱ्यास ११.१ एकरांची परवानगी असतां त्यानें २३ एकर गहूं पेरला. जादा गहूं घरींच वापरावयाचा, असें त्याचें म्हणणें. तरी बुशेलमागें ४९ सेंट दंड झाला, व १९४२ सालीं सुप्रीम कोर्टानें तो कायदा योग्य ठरविला.

गहूं, मका व कापूस यांच्या पेऱ्यावरील हीं बंधनें १९९६ च्या कायद्यानें उठलीं. सरकारी पैसा मात्र बंद झाला नाहीं.