बिल माफ, पण छत तापलेलेच

२०२४ च्या नोव्हेंबरातली विधानसभा निवडणूक आठवून पाहा. चिखली-खामगाव रस्त्यावरच्या उंद्रीसारख्या गावातल्या मतदाराच्या कानावर तेव्हा विजेबद्दलची दोन मोठी आश्वासने पडत होती. महायुती वीजबिलात ३० टक्के कपात आणि सौरऊर्जेवर भर देण्याचे सांगत होती. महाविकास आघाडी ३०० युनिटपर्यंत वापर असलेल्या कुटुंबांना १०० युनिटांचे बिल माफ करू म्हणत होती. चिखली मतदारसंघात भाजपच्या श्वेता महाले आणि काँग्रेसचे राहुल बोंद्रे समोरासमोर होते. महाले पुन्हा निवडून आल्या. त्याआधी सहा महिन्यांपूर्वीच्या लोकसभा निवडणुकीत भाजपच्या संकल्पपत्रात आणखी ३ कोटी घरे आणि घराच्या छतावरून मोफत वीज ही दोन्ही वचने होती. म्हणजे घरही चर्चेत होते आणि वीजही. पण दोन्ही विषय एकमेकांना भेटले नाहीत. घर म्हणजे मंजुरीचा आकडा आणि वीज म्हणजे बिलाची रक्कम, एवढ्यावरच प्रचार थांबला. घराला इतकी वीज लागते का, हे ज्या भिंतींवर आणि छतावर ठरते, त्यांच्याबद्दल उमेदवाराचे मत काय, हे विचारण्याची आपल्याकडे रीतच नाही. ती पडायला हवी. पश्चिम विदर्भातल्या खेड्यासाठी ऊर्जाधोरण म्हणून जे काही असेल, त्याचा सर्वांत मोठा भाग घरकुलाच्या छतात आहे.

साधा हिशेब करू. मार्चपासून जूनच्या पहिल्या पावसापर्यंत विदर्भातले घर कूलरवर चालते. सुमारे १८० वॅटचा कूलर दिवसाचे बारा तास चालला तर रोज दोन युनिटांहून थोडी जास्त वीज जाते, महिन्याला ६५ युनिटांच्या आसपास. जुन्या धाटणीचा ७५ वॅटचा एक पंखा पंधरा तास फिरला की महिन्याला आणखी ३३ युनिटे. आघाडीने देऊ केलेली १०० युनिटे एका कूलरात आणि एका पंख्यात संपली. दिवे, टीव्ही, मोटार, मोबाइल अजून बाकीच आहेत. शिवाय कूलर पाणी पितो, आणि ज्या महिन्यांत तो लागतो त्याच महिन्यांत गावात पाण्याची ओढ असते. वीज गेली तर माफ झालेल्या युनिटांचा त्या दुपारी काहीही उपयोग नाही. रात्री दहा वाजताही खोली का भाजते, याचे उत्तर मीटरमध्ये सापडणार नाही, वर पाहावे लागेल. काँक्रीटचा उघडा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि सूर्य मावळल्यावर तीच उष्णता खाली सोडत राहतो. टिनाचे छप्पर रात्री लवकर निवते, पण दुपारी त्याखाली बसणे अशक्य होते. केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोने २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी 'इको निवास संहिता' आणली. तिच्यात छतातून आत येणाऱ्या उष्णतेसाठी मर्यादा घातली आहे: आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना दर चौरस मीटरमागे १.२ वॅट. वर काहीही नसलेला सहा इंची स्लॅब या मर्यादेच्या जवळजवळ तिप्पट उष्णता आत येऊ देतो. आपण ज्याला पक्के घर म्हणतो, ते या एका कसोटीवर सपशेल नापास आहे.

मग ही संहिता उंद्रीत का पोहोचत नाही? कारण आपले हरित इमारतींचे सगळे धोरण शहर डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेले आहे. व्यापारी इमारतींसाठीची ऊर्जा संवर्धन इमारत संहिता २००७ मध्ये आली, २०१७ मध्ये सुधारली गेली, आणि ती १०० किलोवॅट जोडभाराच्या इमारतींपासून पुढे लागू होते. २०२२ मध्ये ऊर्जा संवर्धन कायदा दुरुस्त करून निवासी इमारतींनाही या कक्षेत घेण्याची वाट मोकळी झाली, पण उंबरठा तोच राहिला. एवढा जोडभार असलेली राहती इमारत उंद्रीसारख्या गावात शोधून सापडणार नाही. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत हरित मानांकन मिळवणाऱ्या इमारतीला दर्जाप्रमाणे ३, ५ किंवा ७ टक्के वाढीव चटईक्षेत्र मिळते. पुण्यात किंवा ठाण्यात बिल्डरसाठी हा खरा मोह आहे, कारण तिथे जमिनीचा प्रत्येक फूट विकला जातो. गावठाणात ज्याला दोन खोल्या बांधायच्या आहेत, त्याला वाढीव चटईक्षेत्र घेऊन काय करायचे? २०२० च्या २ ऑक्टोबरला, आदित्य ठाकरे पर्यावरणमंत्री असताना सुरू झालेल्या 'माझी वसुंधरा' अभियानाने ग्रामपंचायतींना पर्यावरणाच्या कामात ओढले, हे चांगले झाले. पण अभियानाची स्पर्धा गावाला बक्षीस मिळवून देते. नव्या घराच्या छताची जाडी आणि रंग ती ठरवत नाही.

ते ठरवते घरकुल योजना. प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) नोव्हेंबर २०१६ मध्ये सुरू झाली. सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपये, किमान २५ चौरस मीटरचे घर, सोबत रोजगार हमीतून मजुरी आणि शौचालयाचे वेगळे १२ हजार, असा तिचा साचा आहे. दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्राच्या वाट्याला एकदम २० लाख घरकुले आली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये पुण्यात मंजुरीपत्रांचा मोठा कार्यक्रम झाला. २० लाख छते! राज्यात कुठल्याही बिल्डरने किंवा महानगरपालिकेने इतक्या थोड्या काळात इतकी छते टाकलेली नाहीत. ही घरे किमान ३० वर्षे टिकावीत अशी योजनेची अपेक्षा आहे, म्हणजे आज टाकलेल्या छताखाली २०५५ चा उन्हाळाही काढायचा आहे. आणि या योजनेचा पायाच अशा एका व्याख्येवर उभा आहे, जिने खेड्यातले बांधकाम बदलून टाकले. कच्च्या भिंती आणि कच्चे छप्पर ही वंचित कुटुंबाची खूण मानून यादी तयार होते. गरजू माणूस शोधायला ही खूण सोयीची आहे, मला ते मान्य आहे. पण तिच्यातून सगळ्यांनी असा अर्थ घेतला की माती म्हणजे गरिबी आणि स्लॅब म्हणजे सुटका. आपल्या भागातली धाब्याची घरे, पांढरीच्या मातीच्या हात-दीड हात जाडीच्या भिंती, कवेलूखालची हवा खेळती ठेवणारी पोकळी, हे सारे ज्ञान एका फटक्यात 'कच्चे' या रकान्यात गेले. योजना सुरू झाली त्याच सुमारास केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयाने 'पहल' नावाचा संग्रह काढला. प्रदेशाप्रदेशाचे हवामान, तिथली सामग्री आणि तिथल्या गवंड्यांचे कसब पाहून केलेले घरांचे नमुने त्यात आहेत. हाच विचार गावात बांधकाम सुरू होण्याच्या दिवशी लाभार्थ्याच्या हातात पडला पाहिजे.

इथे सर्वांत गंभीर आक्षेप येतो, आणि त्याला बगल देणे अप्रामाणिकपणाचे होईल. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि आठ हजारांच्या जवळपास माणसे गेली. ती मुख्यतः दगडमातीच्या भिंतींखाली आणि वरच्या जड माळवदाखाली गेली. त्यानंतर मराठवाड्यात आणि शेजारच्या जिल्ह्यांत जुन्या पद्धतीच्या घरावरचा लोकांचा विश्वास उडाला, आणि तो उडणे स्वाभाविक होते. पण तिथे नेमके काय कोसळले ते पाहिले पाहिजे. ओबडधोबड दगडांच्या दोन सुट्या थरांत माती भरलेली भिंत, दोन्ही थरांना जोडणारे आरपार दगड नाहीत, भिंतीला चारी बाजूंनी बांधून ठेवणारा पट्टा नाही, आणि वर वर्षानुवर्षे थरावर थर घालत वाढवलेले मातीचे ओझे. दोष जोडणीचा आणि वजनाचा होता. आरपार दगड, जोत्यावर आणि दरवाजाच्या वर लोखंडी सळ्यांचा पट्टा, आणि हलके छप्पर एवढ्या गोष्टींनी तीच सामग्री कितीतरी सुरक्षित होते. म्हणून मी कोणालाही आजोबांच्या धाब्यात परत जा असे म्हणणार नाही. बाई वर्षातून दोनदा लिंपण करत बसणार नाही, आणि तिने का करावे? प्रश्न एवढाच आहे की पट्टा, सळई आणि सिमेंट वापरूनही घर थंड ठेवता येते, तर ते तसे का बांधू नये.

तसे बांधता येते याचे पुरावे लांब नाहीत. वर्ध्याजवळ सेवाग्राममध्ये १९३६ पासून उभी राहिलेली गांधीजींची निवासस्थाने आजही भर उन्हाळ्यात पाहून येण्यासारखी आहेत. वर्ध्यातच १९७६ मध्ये देवेंद्रकुमार यांनी स्थापलेल्या 'सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस'ने मातीच्या सुधारित बांधकामावर दीर्घकाळ काम केले. गांधीजींच्या भेटीने प्रभावित झालेले वास्तुरचनाकार लॉरी बेकर केरळात गेले आणि तिथे पोकळी ठेवून रचलेल्या विटांच्या भिंती, स्लॅबमध्ये कवेलू भरून काँक्रीट वाचवणारे छत अशा युक्त्यांनी त्यांनी हजारो घरे उभी केली. पोकळ रचनेच्या भिंतीत सुमारे चौथाई विटा वाचतात आणि मधली हवा उष्णता अडवते, म्हणजे खर्च आणि ऊन दोन्ही कमी. बेकर मोठे होतेच, पण माजी मुख्यमंत्री सी. अच्युत मेनन त्यांच्या पाठीशी उभे राहिले, हे आपल्या विषयासाठी जास्त महत्त्वाचे आहे. १९८५ मध्ये त्रिशूरला 'कॉस्टफोर्ड' ही संस्था स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत मेनन होते. स्वस्त आणि हवामानाला साजेसे घर हा राजकीय प्रश्न आहे, असे एका राजकारण्याने मानले आणि त्यासाठी संस्था उभी राहिली. अगदी अलीकडचे उदाहरण तेलंगणाचे. एप्रिल २०२३ मध्ये तेव्हाचे मंत्री के. टी. रामाराव यांनी थंड छतांचे धोरण जाहीर केले आणि सरकारी व व्यापारी इमारतींना ते बंधनकारक ठरवले. छताला ऊन परतवणारा पांढरा लेप दिला की खोलीचे तापमान दोन ते पाच अंशांनी उतरते, एवढ्या साध्या गोष्टीवर ते धोरण उभे आहे. विदर्भ तेलंगणाला लागूनच आहे. ऊन सारखेच आहे.

'हे इंजिनिअरचे काम, यात उमेदवाराचे काय?' असेही विचारले जाईल. उत्तर अधिकारांच्या वाटणीत आहे. गावातल्या बहुतेक लहान घरांच्या बांधकामाचा कागद ग्रामपंचायतीच्या पुढे जात नाही. घरकुलाचे हप्ते पंचायत समितीतून निघतात. शाळा, अंगणवाडी आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या इमारती जिल्हा परिषदेच्या हाती असतात. खासदाराला वर्षाला ५ कोटींचा स्थानिक विकास निधी मिळतो आणि आमदारालाही असाच वेगळा निधी असतो. त्यातून सभामंडप आणि सभागृहे उभी राहतात. त्यातल्या किती सभामंडपांवर टिन आहे आणि मेमध्ये त्याखाली किती वेळ बसता येते, हे गावाला ठाऊक आहे. म्हणजे सरपंचापासून खासदारापर्यंत प्रत्येक उमेदवाराच्या हातात कुठले ना कुठले छत आहे. खर्चाचा आक्षेपही तपासून पाहा. बुलढाण्याच्या शेजारी, अकोला जिल्ह्यात पारसचे औष्णिक वीजकेंद्र आहे. त्याची राख उंद्रीपासून शंभर किलोमीटरच्या आतली आहे, आणि केंद्राने १९९९ पासूनच अशी राख बांधकामात वापरण्याचे नियम केले आहेत. राखेच्या विटा घरकुलाला सवलतीत पोहोचवणे हा जिल्हा परिषदेच्या एखाद्या ठरावाचा विषय होऊ शकतो. वीटभट्टीवर ज्यांची पोटे आहेत त्यांचे काय, हा प्रश्न खरा आहे. म्हणून राखेच्या विटांचे कारखाने बाहेरच्या ठेकेदाराऐवजी त्याच लोकांच्या गटांना मिळावेत, असा आग्रह उमेदवाराने धरला तर तो मला जास्त पटेल.

सौरऊर्जेबद्दल एक गोष्ट बजावून सांगावीशी वाटते. छतावरच्या सौर संचांसाठीच्या केंद्राच्या २०२४ च्या सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३० हजारांचे अनुदान आहे. राज्याने २०२५ मध्ये घरकुलाच्या रकमेत जे ५० हजार वाढवले, त्यातले १५ हजार छतावरच्या सौर संचासाठी आणि ३५ हजार बांधकामासाठी आहेत. हे धोरण चांगले आहे. एक किलोवॅटचा संच दिवसाला सुमारे चार युनिटे देतो, आणि उंचावर बसवलेल्या पॅनेलची सावली स्लॅबलाही वाचवते. पण ती सावली छताच्या एका तुकड्यावरच पडते. बाकीचे छत उघडे ठेवून पॅनेलची वीज कूलरला पाजायची, हा उलटा क्रम झाला. आधी घराची भूक कमी करावी, मग तिला अन्न द्यावे. ७५ ऐवजी ३० वॅटचा पंखा बसवला तर तेवढाच वारा निम्म्याहून कमी विजेत मिळतो. २०१५ नंतर सरकारने एलईडी दिवे घाऊक खरेदी करून त्यांची किंमत खाली आणली, तसे पंख्यांचेही करता येईल. हे कोणा उमेदवाराने बोलून दाखवले, तर माफ युनिटांच्या घोषणेपेक्षा ते दीर्घकाळ पुरेल.

आणि यासाठी नवी योजना लागत नाही. घरकुलाचा प्रत्येक हप्ता बांधकामाच्या टप्प्यावर अवलंबून असतो, आणि प्रत्येक टप्प्याचा फोटो जागेवर जाऊन, ठिकाणाच्या नोंदीसह काढावा लागतो. आज तो फोटो एवढेच सांगतो की छत पडले. शेवटच्या हप्त्याच्या वेळी छतावर चुन्याचा किंवा परावर्तक रंगाचा हात फिरला आहे का, पश्चिमेच्या खिडकीवर छज्जा आहे का, समोरासमोर दोन झरोके आहेत का, एवढ्या तीन नोंदी वाढवता येतील. मात्र तो खर्च लाभार्थ्याच्या खिशातून न जाता वाढीव ३५ हजारांतून वेगळा काढून मिळाला पाहिजे, नाहीतर ही अट म्हणजे हप्ता अडवण्याचे आणखी एक निमित्त ठरेल. जिल्हा परिषदेला, पंचायत समितीला किंवा विधानसभेला उभ्या असलेल्या माणसाला उंद्रीच्या चौकात नेमके हेच विचारावे: या तीन नोंदींना तुमचा पाठिंबा आहे का, आणि त्यांचे पैसे कुठून देणार?