मनोऱ्याची उंची आणि कारागिराची उधारी

ठाण्यातील कोलशेत रोडवर पूर्वी सँडोझ (पुढे क्लॅरियंट) आणि बायर यांचे कारखाने होते. आज त्या जमिनींवर निवासी मनोरे उभे आहेत. लादी, रंग, सुतारकाम, फॅब्रिकेशन करणाऱ्या आमच्या कारागीर बंधूंना त्यातून काम मिळते. पण हे मनोरे किती उंच जाणार?

मजले वाढतात तसा लिफ्ट, पंप, लोखंड आणि अग्निसुरक्षेचा खर्च चढतो. जमीन अतिशय महाग असेल आणि वरच्या मजल्याला चढा भाव देणारे गिऱ्हाईक असेल, तरच तो परवडतो. कोलशेतचे गिऱ्हाईक बहुधा नोकरदार, बँकेच्या हप्त्यावर घर घेणारे. मोठ्या कचेऱ्या आणि मोठे पगार ठाण्यात आले नाहीत, तर शंभर मजली इमारत येथे परवडणार नाही, असे आम्हांस वाटते.

उसन्या पैशावर उंची टिकत नाही. 2009 मध्ये दुबई कर्जात अडकली, अबुधाबीने हात दिला. 2010 मध्ये 'बुर्ज दुबई'चे उद्घाटन 'बुर्ज खलिफा' या नावाने झाले. आपल्याकडे 2018 मध्ये आयएल अँड एफएस कोसळल्यावर बिल्डरांचे कर्ज आटले. अशा वेळी कारागिराचे बिल आधी थकते.

म्हणून काम घेण्यापूर्वी किती फ्लॅट विकले गेले, हे महारेराच्या नोंदीत पाहावे. करार लेखी करावा, आगाऊ रक्कम घ्यावी, मजल्यागणिक बिल वसूल करावे. उधारी इमारतीची उंची पाहून नव्हे, विक्री पाहून द्यावी.