मज्जातंतूंतून संदेश कसा धावतो?

छत्तीसगढमधील भिलाई हे पोलादाचे नगर होय. तेथील पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली. या नगरातील सेक्टर १० मधल्या एखाद्या स्वयंपाकघरात तापलेल्या तव्याला बोट लागले, तर हात तत्काळ मागे येतो आणि आग झाल्याची जाणीव त्यानंतर होते. बोटाची ही वार्ता मज्जारज्जूपर्यंत कशी पोचते?

तारेतून वीज वाहावी तशीच ती वाहत असेल, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु हेल्महोल्ट्स या जर्मन शास्त्रज्ञाने १८५० साली बेडकाच्या मज्जातंतूतील संदेशाचा वेग मोजला, तो सेकंदाला सुमारे ३० मीटर भरला. विजेच्या तारेतील संदेशाच्या मानाने ही गती फारच मंद होय.

मज्जापेशीपासून निघणाऱ्या लांब धाग्याला अक्षतंतू म्हणतात. त्याच्या पातळ पटलाबाहेर सोडियमचे आयन विपुल असतात, तर आत पोटॅशियमचे. विश्रांतीच्या स्थितीत आतील बाजू बाहेरच्यापेक्षा सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण असते. पुरेशी चेतना मिळताच पटलातील सूक्ष्म द्वारे उघडतात, सोडियम आत शिरते आणि तेथील आतली बाजू क्षणभर धन होते. लगेच पोटॅशियम बाहेर पडून पूर्वस्थिती येते. हा सारा खेळ सेकंदाच्या सुमारे हजाराव्या भागात आटोपतो. हॉजकिन व हक्सली या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी स्क्विड या सागरी प्राण्याच्या जाड अक्षतंतूवर प्रयोग करून १९५२ साली ही प्रक्रिया गणिताने मांडली. त्याबद्दल त्यांना १९६३ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

एका ठिकाणी झालेला हा बदल शेजारची द्वारे उघडतो. दिवाळीतील फटाक्यांच्या माळेत एक फटाका दुसऱ्याला पेटवितो, तसेच हे घडते. प्रत्येक फटाक्याची दारू त्याची स्वतःची असते, म्हणून शेवटचा फटाकाही पहिल्याइतक्याच जोराने वाजतो. त्याचप्रमाणे संदेश वाटेत क्षीण होत नाही. नुकताच उडालेला भाग काही क्षण पुन्हा पेटत नाही, म्हणून तो मागेही फिरत नाही. फरक इतकाच की, अक्षतंतूची माळ लवकरच पुन्हा सज्ज होते.

काही अक्षतंतूंवर श्वान पेशींनी गुंडाळलेले मेदयुक्त वेष्टन असते. त्यात ठरावीक अंतरावर उघड्या खाचा असतात. संदेश एका खाचेतून दुसरीत जणू उड्या घेत जातो आणि सेकंदाला १०० मीटरपर्यंत वेग गाठतो. वेष्टनरहित बारीक तंतूंत तो सेकंदाला १ मीटरच्या आसपास असतो. तव्याचा स्पर्श आधी कळतो आणि रेंगाळणारी आग मागाहून जाणवते, ती यामुळेच.

ही माळ तुटली तर काय होते, हे कुष्ठरोगात दिसते. हान्सेन याने १८७३ साली शोधलेले या रोगाचे जंतू श्वान पेशींतच ठाण मांडतात. वेष्टन नष्ट होते, अक्षतंतू सुकतात आणि बोट भाजले तरी वार्ता निघत नाही. अशा न कळणाऱ्या जखमा चिघळूनच बोटे झडतात. वरोऱ्यास बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापिली, ती अशाच रुग्णांसाठी.

आज औषधांनी जंतू मरतात. परंतु मेलेला तंतू पुन्हा उगवेलच, असे नाही. म्हणून त्वचेवर फिकट, बधिर चट्टा दिसताच सरकारी दवाखाना गाठावा. तेथे उपचार विनामूल्य मिळतात.