काइटबोर्डिंग : आधी पोहणे, मग पतंग, खरेदी शेवटी

संक्रांतीला परभणीच्या गच्च्यांवरून पोरे जो पतंग उडवतात, त्याला नीट वारा लागला की मांज्याने बोट कापते. आता तोच पतंग दहा बाय दहाच्या खोलीएवढा आहे, त्याच्या वीस-बावीस मीटर लांबीच्या दोऱ्या आपल्या कमरपट्ट्याला अडकवल्या आहेत, पायाखाली फळी आहे आणि वारा आपल्याला पाण्यावरून ओढत नेतो आहे, असे डोळ्यांपुढे आणा. यालाच काइटबोर्डिंग म्हणतात. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये हा खेळ पहिल्यांदा आला. शर्यती मार्सेलच्या समुद्रात झाल्या आणि सिंगापूरच्या मॅक्स मेडर या सतरा वर्षांच्या मुलाने तिथे कांस्यपदक मिळवले.

आमच्याकडे स्पर्धा परीक्षांचे अर्ज भरून घ्यायला येणाऱ्या मुलांनी हे मोबाइलवर पाहिले आणि विचारले, "काका, येलदरीच्या धरणावर जमेल का? एक जुना पतंग स्वस्तात मिळतोय." आम्ही हा प्रश्न हसण्यावारी नेला नाही. आपल्या मुलांनी समुद्राची स्वप्ने का पाहू नयेत? पण उत्तर सरळ आहे. धरणावर नको, आणि पतंग तर आताच मुळीच घेऊ नका.

धरणावर का नको, ते आधी सांगतो. टेकड्यांमधून येणारा वारा एकसारखा वाहत नाही, झटक्याने येतो. काठाला झाडे, विजेच्या तारा, पाण्याखाली बुडालेली खोडे. पतंग पडला तर सोडवायला बोट नाही, आणि पाटबंधारे खात्याची परवानगी लागते ती वेगळीच.

पहिली पायरी पोहण्याची. खेड्यातली पोरे पाठीला रिकामा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकतात, हे आपण ऐकतो. पण ज्या विहिरीच्या काठालाही आपल्या आजोबांना फिरकू दिले जात नव्हते, त्या विहिरीत त्यांना पोहायला कोण शिकवणार होते? म्हणून आपल्या कितीतरी घरांत आजही कुणालाच पोहता येत नाही. हा खेळ शिकायचा नसला तरी एवढे एक काम पालकांनी हाती घ्यावे, मुलींसाठी तर आवर्जून. काइटबोर्डिंगसाठी मात्र खोल पाण्यात न घाबरता निदान दोनशे मीटर पोहता आले पाहिजे, असे आमचे मत आहे.

दुसरी पायरी परभणीतही होऊ शकते. दोन-तीन चौरस मीटरचा सरावाचा छोटा पतंग मिळतो. काढणी झालेल्या मोकळ्या रानात, तारा आणि रस्ता यांपासून लांब, तो उडवून हात बसवता येतो. वाऱ्याच्या नेमक्या दिशेला पतंग गेला की ओढ सर्वांत जास्त, आणि कडेला किंवा डोक्यावर गेला की कमी, हे तिथेच कळते. दोरी हाताला गुंडाळायची नाही आणि ताणलेली दोरी धरायची नाही, हा नियम पहिल्याच दिवशी अंगवळणी पाडावा.

पुढचे मात्र शाळेतच. गोव्यात मोरजी-आश्वे भागात आणि तामिळनाडूत रामेश्वरमजवळ उथळ, सपाट पाण्यात हे शिकवणाऱ्या शाळा आहेत. साधारण नऊ ते बारा तासांच्या शिकवणीत माणूस फळीवर उभा राहू लागतो. पतंग, फळी, शिरस्त्राण सगळे शाळेचेच असते. वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असेल तर पाण्यात उतरायचे नाही, हेही तिथे शिकवतात. ज्यांना यातून रोजगार पाहायचा आहे त्यांच्यासाठी गोव्यात पणजीजवळ केंद्र सरकारची राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे. जीवरक्षक आणि बोटचालक यांचे अभ्यासक्रम तिथे चालतात. नोकरीच्या दृष्टीने आम्हाला हा रस्ता अधिक पक्का वाटतो.

आता खरेदी. आम्ही हिशेबातली माणसे, म्हणून आधी हिशेब. पतंग, दांडी, फळी, कमरपट्टा असा नवा संच लाखाच्या पुढे जातो. ऊन आणि खारे पाणी कापड खातात, त्यामुळे एका हंगामातच किंमत बरीच उतरते. म्हणून शिकून झाल्याशिवाय एक रुपयाही गुंतवू नये. आकाराचा एक ढोबळ हिशेब आहे. वजन किलोत घ्या, त्याला वाऱ्याच्या वेगाने म्हणजे नॉट्सनी भागा आणि 2.2 ने गुणा. साठ किलोचा मुलगा आणि पंधरा नॉट्स, म्हणजे ताशी अठ्ठावीस किलोमीटर वारा असेल, तर उत्तर येते सुमारे नऊ चौरस मीटर. मोठा पतंग म्हणजे जास्त मजा, ही समजूत जिवावर बेतते. फळी मात्र नवशिक्याने जरा मोठीच घ्यावी.

जुनी फळी चालेल, तडा नसला म्हणजे झाले. जुना पतंग घेताना डोळ्यांत तेल घालून पाहावे. हवा भरून फुगवायचा पतंग फ्रान्सच्या लेगेन्यू बंधूंनी 1984 मध्ये काढला, पण दांडी सोडताच जवळजवळ सगळी ओढ जाईल असे पतंग 2005 च्या सुमारास आले. त्याआधीचा पतंग फुकट मिळाला तरी घेऊ नका. मुलांना सांगितला गेला होता तो याच जातीचा निघाला. पतंग फुगवून रात्रभर ठेवावा, सकाळी मऊ पडला तर आतली नळी गळते आहे. कापड बोटाने चोळून पाहावे, नव्या नोटेसारखे कडक वाजले पाहिजे. चारही दोऱ्या एका खिळ्याला अडकवून ताणाव्यात आणि लांबी जुळते का बघावी. आणि शेवटी, पण सर्वांत आधी महत्त्वाचे, कमरेपाशी संकटात पतंग सोडून देणारी कळ असते. एकाने दांडी जोरात ओढून धरावी आणि दुसऱ्याने एका हाताने कळ दाबावी. पहिल्या झटक्यात सुटली नाही, तर विकणाऱ्याला नमस्कार करून परत यावे.