किनाऱ्यावर भांडवल घालण्याआधी नकाशा पाहा

कोकण किनाऱ्यावर जमिनीच्या खरेदी-विक्रीला आज तेजी आहे. आखाती देशांत वर्षानुवर्षे राबून मिळवलेला पैसा गावी आणून घर, दुकान, खानावळ किंवा लॉज बांधायचे, ही आपल्या बांधवांची जुनी रीत आहे. मुरूड, श्रीवर्धन, बाणकोट, हर्णै, दाभोळ अशा प्रत्येक बंदरात ती दिसते. परंतु समुद्रालगतची जमीन इतर जमिनीसारखी नसते. सातबारा आपल्या नावावर आहे आणि ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला हातात आहे, एवढ्यावर बांधकाम कायदेशीर होत नाही.

कायदा काय सांगतो?

पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ खाली केंद्र सरकारने १९ फेब्रुवारी १९९१ रोजी किनारा नियमन क्षेत्राची, म्हणजेच सीआरझेडची अधिसूचना काढली. उधाणाची भरती जिथपर्यंत पोहोचते त्या रेषेपासून जमिनीकडे ५०० मीटरचा पट्टा नियमनाखाली आला. ही अधिसूचना २०११ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये नव्याने काढण्यात आली.

२०१९ च्या नियमांनुसार ग्रामीण भागाचे दोन गट आहेत. २०११ च्या जनगणनेप्रमाणे दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त लोकवस्ती असेल तेथे भरतीरेषेपासून ५० मीटर, आणि त्याहून विरळ वस्ती असेल तेथे २०० मीटर हा ना-विकास पट्टा आहे. खाडीकाठचे नियम वेगळे आहेत. कांदळवन, वाळूच्या टेकड्या, कासवांच्या विणीच्या जागा यांना तर सर्वात कडक संरक्षण आहे. कांदळवन तोडून भराव घालणे हा सरळ गुन्हा ठरतो.

मरडूचा धडा

केरळात कोचीजवळील मरडू येथे खाडीच्या पाण्यालगत चार मोठ्या इमारती उभ्या राहिल्या. २००६ मध्ये तेथील ग्रामपंचायतीने बांधकामाचे परवाने दिले होते. राज्याच्या किनारा प्राधिकरणाची मंजुरी मात्र नव्हती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने मे २०१९ मध्ये इमारती पाडण्याचा आदेश दिला आणि ११ व १२ जानेवारी २०२० रोजी त्या सुरुंग लावून पाडण्यात आल्या. तीनशेहून अधिक सदनिका होत्या. परवाना देणारी पंचायत राहिली बाजूला, बेघर झाले ते पैसे मोजून घर घेणारे.

समुद्राचा स्वतःचा कायदा

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन, मुरूड, दापोली, मंडणगड भागांत छपरे उडाली, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ किनारा झोडपून गेले. किनाऱ्याच्या नकाशांसाठी सर्वे ऑफ इंडियाने धोकारेषाही आखली आहे. लाटा, धूप आणि समुद्रपातळीतील वाढ यांचा विचार करून ती ठरवली जाते. २०१९ च्या नियमांत या रेषेवरून बांधकामाला मनाई नाही, ती आपत्ती व्यवस्थापनासाठी आहे. तरीही गोदाम किंवा बर्फाचा कारखाना या रेषेच्या आत बांधणाऱ्याने जोखीम ओळखूनच पाऊल टाकावे.

धंद्याला वाट आहे

हा कायदा म्हणजे किनाऱ्यावर सर्वच बंदी, असा गैरसमज नको. स्थानिक मच्छीमारांसाठी मासळी सुकवण्याचे ओटे, लिलावगृह, जाळी विणण्याच्या जागा, पारंपरिक होड्या बांधण्याचे कारखाने, बर्फ कारखाने यांना परवानगी मिळू शकते. जुन्या अधिकृत घराची दुरुस्ती त्याच जोत्यावर करता येते. स्थानिक कुटुंबांना राहत्या घरात, जोते व दर्शनी भाग न बदलता, पर्यटकांची निवासाची सोय करता येते. भांडवल थोडे असलेल्यांसाठी हा मार्ग चांगला आहे.

व्यवहारापूर्वी

आपला गट नंबर मंजूर किनारा व्यवस्थापन नकाशावर कोठे येतो, हे इसार देण्यापूर्वी नगररचना कार्यालयात पाहावे. भरतीरेषेपासूनचे अंतर विकणाऱ्याच्या तोंडी शब्दावर मानू नये, अधिकृत मोजणी मागावी. मंजुरी कोणाची लागेल ते लेखी विचारावे आणि उत्तराची प्रत जपून ठेवावी. गवंडी व ठेकेदार बांधवांनीही परवान्याची प्रत पाहिल्याशिवाय जोते आखू नये. काम अर्ध्यावर बंद पडले की पहिली अडते ती मजुरी.

एक गोष्ट जमिनीची दलाली करणाऱ्यांसाठी. मालातला ऐब गिऱ्हाइकापासून लपवू नये, ही आपल्या दीनची शिकवण धान्याला आणि कापडाला जितकी लागू, तितकीच जमिनीलाही. प्लॉट ना-विकास पट्ट्यात आहे हे ठाऊक असून जो गप्प बसतो, त्याच्या दलालीत बरकत कोठून येणार? देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद कुरआनने केलेली आहे. किनाऱ्यावरच्या जमिनीच्या करारपत्रात सीआरझेडची स्थिती स्पष्ट लिहिली, तर विकणारा आणि घेणारा दोघेही निर्धास्त राहतील.