फ्लेक्सवरची ताई आणि 'जे घडलंच नाही' ते मोजायचं कसं

केडगावात (नगरच्या, दौंडजवळच्या नाही) बारावीचा निकाल लागला की पुणे रस्त्याला प्रवेशाचे फ्लेक्स लागतात. त्यातल्या एकावर आमच्या गल्लीतली एक ताई असते. खो-खोची जर्सी, गळ्यात पदक, शेजारी मोठ्या अक्षरात 'प्रवेश सुरू'. ताईने ते कॉलेज सोडून सात वर्षं झाली. फ्लेक्स दरवर्षी नवा, फोटो तोच. यंदा मी तिला म्हटलं, "ताई, तुला विचारून लावतात का गं?" ती म्हणाली, "एकदा मैदानावर उभं करून काढला होता. त्यानंतर कोण विचारतंय!"

मी विज्ञान शाखेची, कायद्याची नाही. पण पेटची तयारी करणारे बरेच जण विचारतात की 'विषय' आणि 'संशोधन प्रश्न' यात नेमका फरक काय, आणि ताईचा फोटो हे त्याला चांगलं उदाहरण आहे. "माजी कॉलेज खेळाडूंना त्यांचा चेहरा वापरल्याचे पैसे मिळायला हवेत का?" हा अजून विषयच आहे. हो म्हणणं हे मत, नाही म्हणणं हेही मत. मोजता येईल असं त्यात काही आलेलं नाही.

अमेरिकेत हाच वाद कोर्टात गेला, त्यामुळे तिथे कुणाला तरी तो मोजावा लागला. एड ओबॅनन हा यूसीएलए विद्यापीठाचा बास्केटबॉल खेळाडू. १९९५ साली त्याच्या संघाने राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. पुढे कितीतरी वर्षांनी एका मित्राकडे त्याला व्हिडिओ गेममध्ये स्वतःच दिसला. तोच ३१ नंबर, तसाच डावखुरा, फक्त नाव लिहिलेलं नाही. त्याला एक डॉलरही मिळाला नव्हता. २००९ मध्ये त्याने कॉलेज खेळांचं नियमन करणाऱ्या एनसीएए या संस्थेवर दावा लावला. २०१४ मध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी निकाल दिला की खेळाडूंना काहीच मिळू न देणारे नियम स्पर्धाविरोधी आहेत. गंमत म्हणजे खटला उभा राहण्याआधीच ओबॅननच्या बाजूने नुकसानभरपाईची मागणी सोडून दिली होती. पुढच्यांसाठी नियम बदला, एवढंच मागितलं.

मागच्यांच्या पैशांचा प्रश्न आला तो नंतरच्या 'हाउस' खटल्यात, आणि संशोधनाच्या दृष्टीने खरी अडचण इथे आहे. १ जुलै २०२१ पर्यंत खेळाडूला स्वतःच्या नावाचे, चेहऱ्याचे पैसे घ्यायलाच बंदी होती. मग २०१७ साली एखाद्याच्या चेहऱ्याची किंमत किती होती? त्या वस्तूचा बाजारच नव्हता. बंदी नसती तर काय झालं असतं, याचा अंदाज बांधायचा. संशोधनात याला काउंटरफॅक्चुअल म्हणतात. औषधाच्या चाचणीत आपण दुसरा गट ठेवू शकतो, इथे तो कुठून आणणार?

वादींच्या तज्ज्ञांनी दोन वाटा काढल्या. पहिली वाट म्हणजे सामन्यांच्या टीव्ही हक्कांच्या पैशातला काही भाग खेळाडूंच्या चेहऱ्यांमुळे येतो असं धरायचं. त्यांनी १० टक्के धरला. दुसरी वाट म्हणजे बंदी उठल्यावर खेळाडूंना प्रत्यक्ष किती मिळालं ते बघायचं आणि तोच आकडा मागच्या वर्षांना लावायचा. ही 'आधी-नंतर' पद्धत तुम्हाला शेतीपासून शिक्षणापर्यंत सगळीकडे भेटेल, आणि तिचा दोषही तिच्यासोबत भेटेल. २०१७ आणि २०२२ मध्ये बदललं ते फक्त बंदीचं असणं-नसणं, असं ती गृहीत धरते. मधल्या काळात इन्स्टाग्राम किती वाढलं याचा विचार करा.

जून २०२५ मध्ये तडजोड मंजूर झाली. सुमारे २.८ अब्ज डॉलर, दहा वर्षांत, २०१६ पासून खेळलेल्यांना. वाटणीच्या सूत्रात साधारण ७५ टक्के फुटबॉल, १५ टक्के पुरुषांचं बास्केटबॉल, ५ टक्के महिलांचं बास्केटबॉल आणि बाकी सगळ्या खेळांना मिळून ५ टक्के. काही महिला खेळाडूंनी याविरुद्ध अपील केलं. त्यांचा मुद्दा मला बिनतोड वाटतो. ज्या बाजाराने मुलींचे सामने कधी नीट दाखवलेच नाहीत, त्याच बाजाराच्या आकड्यांवरून मुलींची किंमत ठरवली. गृहीतकातच अन्याय असेल तर गणित कितीही बरोबर करा, उत्तरात तो येणारच.

आणि २०१६ च्या आधीचे? मुदतीच्या कायद्यामुळे ते बाहेर. नॉर्थ कॅरोलायना स्टेटच्या १९८३ च्या विजेत्या संघातल्या खेळाडूंनी आपले जुने सामने अजून दाखवून पैसे कमावतात म्हणून दावा केला, तो २०२५ मध्ये फेटाळला गेला. व्हिडिओ गेमचं मात्र उत्तर बाजारानेच दिलं. २०२४ मध्ये कॉलेज फुटबॉलचा गेम परत आला, तेव्हा खेळाडूंना देऊ केले ६०० डॉलर आणि गेमची एक प्रत. एवढ्या वर्षांच्या भांडणानंतर माणशी ६०० डॉलर! पण ही किंमत दहा हजारांहून जास्त खेळाडू उपलब्ध असतानाची आहे. एकट्याने जाऊन भाव केला तर काय मिळेल, हे तिच्यावरून कळत नाही.

आता हे सगळं केडगावात आणायचं तर पहिली शंका येते की आपल्या आंतरमहाविद्यालयीन खो-खोला कुठे टीव्हीचे पैसे आहेत? नाहीतच. पण कॉलेजला काहीच मिळत नाही, असंही नाही. नॅकच्या मूल्यांकनात निकष ५ मध्ये विद्यार्थ्यांनी क्रीडा-सांस्कृतिक स्पर्धांत मिळवलेल्या पदकांना गुण आहेत. ताईचं पदक तिथे मोजलं गेलं, ते रास्तच आहे, कारण खेळली तेव्हा ती त्या कॉलेजचीच होती. आणि त्या काळात तिलाही काही मिळत होतं. क्रीडा सवलतीचे गुण, फीमध्ये सूट, पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणासाठी लागणारं प्रमाणपत्र. म्हणजे देवाणघेवाण होती.

माझ्या मते 'माजी' हा शब्द इथे सगळ्यात महत्त्वाचा आहे. कॉलेज सुटलं की घेणं थांबतं आणि देणं तसंच चालू राहतं. वार्षिक अंकात, पदकांच्या फलकावर ताईचा फोटो असेल तर ती नोंद झाली, तिचे पैसे कुणी मागू नयेत. 'प्रवेश सुरू'च्या शेजारी तोच फोटो लावला की ती जाहिरात झाली. जाहिरातीत दुसऱ्या कुणालाही उभं केलं असतं तर पैसे द्यावे लागले असते. मग ताईलाही द्यावेत, आणि त्याआधी विचारावं.

आपल्याकडचं सगळ्यात मोठं उदाहरण खाशाबा जाधवांचं. तेही कॉलेजचेच खेळाडू, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे नव्हते तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. कांस्यपदक घेऊन आल्यावर खाशाबांनी कुस्त्या भरवून ते कर्ज फेडलं. खाशाबा गेले १९८४ मध्ये. दिल्लीतल्या कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचं नाव आहे, १५ जानेवारी २०२३ ला गूगलने त्यांचं डूडल केलं. पण २०१७ मध्ये गोळेश्वरला जाहीर झालेली कुस्ती अकादमी उभी राहत नाही म्हणून कुटुंबाला पदकाचाच लिलाव करण्याची भाषा करावी लागली. नाव आणि चेहरा सगळ्यांच्या उपयोगाचा, घरच्यांच्या हातात विकण्यासारखं फक्त पदक.

कायदा यात फार मदत करत नाही. चेहऱ्यावरच्या हक्कासाठी आपल्याकडे वेगळा कायदाच नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाची एआयने नक्कल करण्यावर मनाई दिली. दिल्ली उच्च न्यायालयाने मात्र २०२३ मध्ये क्रिकेटपटूंची नावं, चित्रं आणि आकडेवारी वापरणारे डिजिटल कार्ड थांबवायला नकार दिला, कारण ती माहिती सगळ्यांसमोर होतीच. त्याच वर्षी सुशांतसिंह राजपूत प्रकरणात हे हक्क माणसाबरोबर संपतात असं म्हटलं. हे सगळे नामवंत लोक. ताईला जवळचा आहे तो २०२३ चा डेटा संरक्षण कायदा. त्यात दिलेली संमती मागे घेता येते आणि अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती लागते. आपल्याकडे ज्युनिअर कॉलेज आहे हे लक्षात घ्या, फ्लेक्सवरची कितीतरी मुलं सोळा-सतरा वर्षांची असतात. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. पैसे मात्र हाही कायदा देत नाही.

आता विषयाचा प्रश्न करू. 'ताईच्या फोटोमुळे किती प्रवेश वाढले' हा चांगला प्रश्न वाटतो, पण तो घेऊ नका. प्रवेश वाढायला शंभर कारणं असतात आणि फोटो नसलेलं तेच कॉलेज तुम्हाला कुठेच मिळणार नाही. त्याऐवजी असं विचारता येईल: एका तालुक्यातल्या कॉलेजांच्या प्रवेश अर्जांत फोटो वापरण्याच्या संमतीची ओळ आहे का, ती किती काळासाठी आहे, आणि फ्लेक्सवरच्या किती जणांनी कॉलेज सोडलेलं आहे? अर्ज गोळा करता येतात, फ्लेक्स मोजता येतात, माणसं गावातच भेटतात. एका उन्हाळ्यात होणारं काम आहे.

मी तीन अर्ज मिळवून वाचलेत. दोनांत तशी ओळच नाही. तिसऱ्यात आहे, शेवटच्या पानावर, आणि तिच्यात मुदत लिहिलेली नाही.